आंबिलातलं जस्त

७ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

टाकीत काही बिघडलं की त्याच दिवशी नोंद सुरू करायची, असा आमच्या प्लेटिंग शॉपमध्ये, म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा चढवतात तिथे, नियम आहे. नियम मीच केलेला. मागाहून आठवून लिहिणारा माणूस आपल्या सोयीचं तेवढंच आठवतो, हा माझा अनुभव. तेव्हा घरच्या बाबतीत वेगळा न्याय कशाला?

अरुणाला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला आहे. हे वाक्य लिहायला मी तीन दिवस लावले.

रिपोर्ट दिवाळीच्या आधीच हातात आला होता. भाऊबीज होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, असं अरुणाच म्हणाली. लोकांच्या फराळात माती कशाला कालवायची, म्हणाली. काल ऋचाला फोन केला. ऋचा आमची एकुलती एक, बंगलोरला असते, सातवा महिना चालू आहे तिचा. ती फोनवर रडली आणि अरुणा तिची समजूत काढत राहिली. आजारी कोण आणि समजूत कोण काढतंय! मी फोन धरून उभा होतो, कारण अरुणाला व्हिडिओ कॉलमध्ये फोन नीट धरता येत नाही.

डॉक्टर देसाई म्हणजे हायवेपलीकडच्या हॉस्पिटलातल्या कॅन्सरच्या डॉक्टर. बाई मूळच्या वलसाडच्या, शिक्षण मुंबईत, मराठी चांगलं बोलतात. त्या म्हणाल्या, ऑपरेशनच्या पुढे गेलं आहे, शेजारी थोडं पसरलंय, पण बरं होण्यासारखं आहे. रोज रेडिएशन, आठवड्यातून एकदा केमो. कारण विचारलं तर व्हायरस म्हणाल्या, वर्षानुवर्षं दबा धरून बसलेला. मी मान हलवली. व्हायरस ही माझ्या हातात येणारी वस्तू नाही.

सिल्वासाला येऊन अकरा वर्षं झाली. नाशिकच्या घराला कुलूप, इथे आमलीत फ्लॅट. कंपनीतले लोक सलाम करतात, सोसायटीतले ‘केम छो’ करतात. आज लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या शहाबेननी अरुणाला विचारलं, तब्येत कशी आहे. अरुणा म्हणाली, मजामा. मी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिलो.


१२ नोव्हेंबर, मंगळवार

सापडलं!

चार दिवस कंपनीतून आल्यावर कॉम्प्युटरवर वाचतो आहे. त्यातलं बरंचसं डोक्यावरून जातं, पण आज एका निबंधात ओळखीची माणसं भेटली. जस्त, तांबं, सेलेनियम, मँगनीज. परक्या गावात कोणीतरी आपल्या बोलीत हाक मारावी तसं झालं.

थोडक्यात असं. शरीरात ऑक्सिडेशन चालूच असतं, आपण त्याला गंज म्हणू. तो आवरायला शरीराने काही एन्झाइम्स ठेवलेली आहेत. त्यातल्या एकाला चालायला जस्त आणि तांबं लागतं, दुसऱ्याला सेलेनियम, तिसऱ्याला लोह. मात्रा अगदी चिमूटभर, पण ती नसेल तर एन्झाइम म्हणजे चावी नसलेलं कुलूप. आणि ह्या कॅन्सरच्या बायकांचं रक्त तपासलं तर जस्त आणि सेलेनियम घसरलेलं, तांबं चढलेलं, आणि एन्झाइम्स सुस्तावलेली. एका नव्हे, चार-पाच देशांतल्या अभ्यासात तेच.

मी आयुष्यभर जस्ताच्या टाक्या सांभाळल्या. रोज सकाळी टाकीतलं पाणी लॅबमध्ये जातं, काय घसरलं ते कळतं, तेवढं भरायचं, टाकी पुन्हा चालू. ह्यात अवघड काय आहे?

अरुणाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे मी तुमची टाकी झाले.” हसली. मग म्हणाली, “अहो, मला जरा भीती वाटते हो सोमवारच्या रेडिएशनची.” मी म्हटलं, भीती वाटते कारण माहिती कमी आहे, आणि तिला तक्ता दाखवला.


१५ नोव्हेंबर, शुक्रवार

वापीच्या लॅबमधून रिपोर्ट आला. जस्त कमी. सेलेनियम कमी. तांबं वर. हातच्या कंकणाला आरसा कशाला!

रिपोर्ट घेऊन डॉक्टर देसाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि परत दिला. म्हणाल्या, “उदयभाई, हे तुम्ही कशाला केलं? भूक नाही, जेवण कमी, शरीरात दुखणं चालू, तर असंच येणार. हे दुखण्यामुळे झालं की ह्याच्यामुळे दुखणं झालं, हे अजून कोणाला सांगता येत नाही. राख बघून आग कोणी लावली ते कळतं का?”

मी म्हटलं, कमी आहे तर भरून काढायला काय हरकत आहे? त्या म्हणाल्या, “जेवणातून जे जाईल ते जाऊ द्या. डाळ, अंडी, तीळ. पण रेडिएशन चालू असेल तोपर्यंत गोळ्या नको. अँटिऑक्सिडंट तर बिलकुल नको. नंतर बघू.” बाहेर रांग होती, त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

नंतर बघू म्हणे. वरातीमागून घोडं! डॉक्टरांना औषधं कळतात, रसायन कळत नाही. त्यांचा दोष नाही, तसं शिकवतच नाहीत.

घरी आल्यावर अरुणाचं तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद केलं. भांडं तिच्या आईचं आहे, ते उचलून माळ्यावर टाकलं. ती स्टीलच्या ग्लासातून पाणी प्यायली आणि म्हणाली, ह्याला चवच नाही.


१८ नोव्हेंबर, सोमवार

पहिलं रेडिएशन. दार एवढं जाड की बंद होताना आवाजही येत नाही. मी बाहेर बसलो. समोर गुजराती वर्तमानपत्र होतं, ते वाचता येतं पण समजून घ्यायला कष्ट पडतात. पुन्हा पुन्हा तीच ओळ वाचत होतो.

ती बाहेर आली तेव्हा विचारलं, दुखलं का? म्हणाली, काहीच नाही. “नुसतं एकटं पडून राहायचं. वरती छताला कोणीतरी ढगांचं चित्र लावलंय.”

उद्यापासून तिला ड्रायव्हर नेईल. केसरबाई सोबत जाईल. केसरबाई आमच्याकडे भांडी-पोळ्या करते, मूळची शहाद्याकडची, नवरा इथे धाग्याच्या कारखान्यात आहे. मला रोज सुट्टी मिळणं शक्य नाही, आणि नुसतं बाहेर बसून मी करणार काय? माझा उपयोग दुसरीकडे आहे.


२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सुरू केलं.

गोळ्या घे म्हटलं असतं तर अरुणा ऐकणारी नाही. डॉक्टरबाई सांगतील ते ब्रह्मवाक्य. तेव्हा केसरबाईला विचारून नाचणीचं आंबील शिकलो. पीठ ताकात भिजवायचं, शिजवायचं, वरून जिरं, लसूण, मीठ. ताकाच्या आंबटपणात जस्ताची चव बुडते. दोन गोळ्या खलात कुटल्या, सेलेनियम आणि व्हिटॅमिनची कॅप्सूल फोडली, ढवळलं. स्वयंपाकघरात मी असा कधी उभा राहिलो नव्हतो. केसरबाई दारातून बघून तोंडाला पदर लावून हसत होती. ती गेल्यावरच खल काढला.

अरुणाने वाटी हातात घेतली, एक चमचा घेतला आणि माझ्याकडे बघितलं. “तुम्ही केलंत?” म्हणाली. मी हो म्हटलं. मग तिने सगळं संपवलं.

फसवणूक आहे का ही? आहे. पण तापातल्या मुलाला आपण औषध मधातून देतोच की. ऋचाला अरुणानेच दिलं आहे.


२८ नोव्हेंबर, गुरुवार

आंबील रोज सातला. वाटीत काही राहायला नको, म्हणून मी समोरच बसतो. तळाशी गाळ बसतो आणि खरा माल त्या गाळात.

पण ही बाई किती हळू खाते! एवढ्याशा वाटीला पाऊण तास. चमचा उचलायचा आणि मध्येच काहीतरी काढायचं. लग्नानंतर अंबडला आपण भाड्याने राहायचो तिथे मागे शेवग्याचं झाड होतं, आठवतं का? तुम्ही एकदा शेंगा काढायला चढलात आणि फांदी मोडली. घरमालकीण किती ओरडली होती! मी म्हटलं, आठवतं, आंबील निवतंय. ती म्हणाली, निवू दे की. आणि पुढे शेंगांची आमटी, मग घरमालकिणीचा मुलगा, मग कुठल्या कुठे.

आज म्हणाली, रेडिएशनला हॉस्पिटलात एक किलवणीची बाई येते, चंदा नावाची. तिचा नवरा बाहेरगावी असतो, ती एकटीच रिक्षाने येते. “तिला मी विचारलं, भीती नाही वाटत? तर म्हणाली, वाटती, पन सांगू कोनाला?” एवढं बोलून अरुणा वाटीकडे बघत बसली. मी म्हटलं, तिचंही जस्त तपासायला पाहिजे. अरुणाने उरलेलं एका दमात पिऊन टाकलं.

सात ते पावणेआठ. ह्या वेळात माझे दोन निबंध वाचून झाले असते.


३ डिसेंबर, मंगळवार

कंपनीत आज डोकं फिरलं. बोल्टांची अख्खी लॉट परत आली. वरचं जस्त पापुद्र्यासारखं सुटतंय. प्लेटिंग टाकीचे सगळे आकडे बरोबर. मग मागे मागे जात पिकलिंगच्या टाकीशी पोचलो. तिथे प्लेटिंगच्या आधी लोखंडाचा गंज ॲसिडने काढतात. ॲसिडने गंजाबरोबर चांगलं लोखंडही खाऊ नये म्हणून त्यात इनहिबिटर नावाचं औषध थोडंसं घालायचं असतं. ते काम चिंधाकडे. चिंधा नवापूरकडचा, जुना माणूस, कामाला वाघ. त्याने इनहिबिटर ठरल्यापेक्षा किती तरी जास्त ओतलं होतं.

“का रे बाबा?”

“साहेब, ते ॲसिड लोखंड खाऊन टाकतं ना. मी म्हन्लं, बोल्ट वाचला पायजे.”

“अरे, बोल्ट वाचवता वाचवता तू गंजही वाचवलास! ॲसिडला त्याचं काम करू दे. तुझी माया कशाला मध्ये?”

तो हिरमुसला. म्हणाला, “चांगल्यासाठीच टाकलं व्हतं साहेब.” मी म्हटलं, चांगल्यासाठी करायचं असेल तर आधी विचारायचं. टाकी अर्धी उपसून पुन्हा भरली. येताना औषधाच्या दुकानातून पुढच्या पंधरवड्याच्या गोळ्या घेतल्या. आमलीतल्या दुकानात नको, ओळखतात. नरोलीच्या रस्त्यावरून घेतल्या.


९ डिसेंबर, सोमवार

चंदाची कातडी जळाली आहे, बसता येत नाही, असं केसरबाई सांगत होती. आणखी दोघीतिघींचं तसंच. अरुणाला तसं काही नाही! थोडी लाली आणि बस. डॉक्टरांच्या मदतनीस बाईंनाही नवल वाटलं म्हणे. मला मुळीच नाही वाटलं. कोणाला सांगावं असं फार वाटत होतं, पण सांगणार कोणाला? केबिनचं दार लावलं आणि टेबलावर हलकेच मूठ आपटली.

उलट्या मात्र होतात, विशेषतः संध्याकाळी. ते केमोमुळे. कधी आंबिलानंतर लगेच होते, मग अर्धी मात्रा वाया जाते. म्हणून थोडी वाढवली.

केसरबाई आज निघताना दारात थांबली. “साहेब, राग नका मानू. ताईले दिवसभर बोलाले कोनी नई. मी भांडे घासता घासता बोलते, तेवढंच. तुमी जरा बसत जा ना तिच्यापाशी.” मी म्हटलं, रोज पाऊण तास बसतोच की. ती म्हणाली, “ते व्हय, सातची वाट तं ती दुपारपासून बघते.” भूक लागत असावी. चांगलं लक्षण आहे.


१४ डिसेंबर, शनिवार

दुसरा रिपोर्ट. जस्त जागेवर. सेलेनियम तर वरच्या रेघेला टेकलं आहे. तांबं अजून वर, पण उतरतंय.

मला खरंच रडू आलं. कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडलो. इतके दिवस लिहिलं नाही, ते लिहितो. मला भयंकर भीती वाटते. अरुणा गेली तर मी ह्या गावात कोणाशी मराठीत बोलणार, असा एक विचार परवा आला आणि स्वतःचीच लाज वाटली, की मला ह्यातही माझंच पडलंय. पण खरं ते खरं. आकडे बघतो तेवढा वेळ भीती वाटत नाही.

सोमवारी डॉक्टरांना रिपोर्ट दाखवणार. आता काय म्हणतात बघू.


१६ डिसेंबर, सोमवार

आजचं लिहायचंच.

मी रजा काढून अरुणाबरोबर गेलो. डॉक्टर देसाईंपुढे दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. एखादा सुपरवायझर मालकापुढे ठेवतो ना, तसे. म्हटलं, बघा. त्यांनी बघितलं. पुन्हा बघितलं. मग शांतपणे विचारलं, “बेनला रोज उलट्या होतात. वजन उतरलंय. मग महिन्याभरात हे इतकं वर गेलं कसं?”

माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. टाकीचे आकडे सुधारले की कोणी कधी विचारत नाही, कसे सुधारले. शाबासकी देतात.

मी रिपोर्टचे कागद सरळ करायला लागलो. आणि अरुणा म्हणाली, “मी घेत होते गोळ्या. दुकानातून आणवल्या. ह्यांना माहीत नाही.”

मी तिच्याकडे बघितलं. ती डॉक्टरांकडे बघत होती.

डॉक्टर तिला रागावल्या. आवाज न चढवता, पण फार रागावल्या. “मी नको म्हटलं होतं ना? हे किरण कॅन्सरची पेशी मारतात कशाने? ऑक्सिडेशननेच मारतात. आम्ही आत आग लावतो आणि तुम्ही रोज त्यावर पाणी ओतता. चांगल्या पेशीला वाचवता तसं वाईट पेशीलाही वाचवता. किती नुकसान झालं, झालं की नाही, मला सांगता येणार नाही. कोणालाच सांगता येणार नाही.”

अरुणा म्हणाली, “चुकलं माझं.”

मला पिकलिंगची टाकी दिसत होती. चिंधाला मी काय काय बोललो ते शब्द न् शब्द आठवत होतं. त्याने निदान एक लॉटच खराब केली.

आणि मी गप्प बसलो. ती बोलणी खात होती आणि मी शेजारच्या खुर्चीवर गप्प बसलो होतो.

गाडीत मी विचारलं, तू असं का सांगितलंस? म्हणाली, “दमले मी. नंतर बोलू.” तिला कसं कळलं, केव्हा कळलं, हे विचारायचा धीर झाला नाही.


१७ डिसेंबर

गोळ्या कंपनीच्या कचऱ्यात टाकल्या. साडेनऊपर्यंत कंपनीतच होतो, काम नव्हतं. अरुणा जागी होती. “आज आंबील नाही?” एवढंच म्हणाली. मी म्हटलं, आता कशाला. ती बरं म्हणाली आणि कुशीवर वळली. तिच्यासमोर बसायला मला तोंड नाही.


६ जानेवारी २०२५, सोमवार

बाहेरचं रेडिएशन संपलं. आता आतून द्यायचं, तीन-चार वेळा. आज दुसरी वेळ. तिच्या शरीरात नळ्या बसवतात आणि सगळे त्या खोलीतून निघून जातात. ती तिथे हलायचंही नाही अशी पडून.

बाहेर एक पडदा आहे, त्यावर ती दिसते, आणि एक माइक आहे. मदतनीस बाई म्हणाल्या, “काका, बोला, त्यांना ऐकू जातं.” मी माइकपाशी वाकलो. म्हटलं, “अरुणा, आज भिलाडला ट्रॅफिक होता.” पडद्यावर तिचे ओठ हलले. “बोला ना, काहीही बोला.” मग मी कंपनीचं सांगत बसलो. जस्ताला चकाकी आणणारा नवा ब्राइटनर कसा दगा देतोय, चिंधाच्या मुलीचं लग्न नवापूरला ठरलंय, कँटीनवाला डाळीत साखर घालतो. मी थांबलो की ती म्हणायची, आणखी. औषधाच्या गुंगीत असावी, नाहीतर ब्राइटनरमध्ये तिला काय गोडी?


२ फेब्रुवारी, रविवार

ऋचाला मुलगी झाली. बाळंतपण सासरच्यांनी केलं. अरुणाला प्रवासाची परवानगी नाही, आणि तिला सोडून मी जाऊ शकत नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. फोनमध्ये बाळ दाखवलं. अरुणाने फोनवर बोट ठेवलं तर कॉलच बंद पडला. मग ती खूप हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मी म्हटलं, पुन्हा लावून देतो. लावून दिला आणि कॉम्प्युटरच्या ह्या खोलीत आलो.

घरात आम्ही दोघं नीट वागतो. औषधांच्या वेळा पाळतो. गोळ्यांचा विषय कोणीच काढत नाही. मी पुन्हा वाचायला लागलो आहे. रेडिएशन चालू असताना अँटिऑक्सिडंट दिले तर काय होतं, ह्यावर दोन्ही बाजूंनी लिहिलेलं सापडतं. काही म्हणतात बिघडतं, काही म्हणतात तसं दिसलं नाही. एक वाचलं की जीव भांड्यात पडतो, दुसरं वाचलं की पुन्हा बाहेर. तरी वाचतो. उत्तर मिळेपर्यंत झोप लागेल असं वाटत नाही, आणि उत्तर कोणाकडेच नाही.


२० मार्च

अरुणाचे केमोने विरळ झालेले केस भांगाजवळ दाट येऊ लागले आहेत. केसरबाई तेल लावून देते आणि दोघी खिदळत असतात. मी आलो की गप्प होतात. पूर्वी मला वाटायचं, माझ्या धाकाने. आता वाटतं, त्यांना माझ्याशी काय बोलावं तेच कळत नसेल.


९ एप्रिल, बुधवार

स्कॅनचा निकाल.

बरंचसं गेलं आहे. एक लहानसा ठिपका राहिला आहे. तो जखमेचा वण आहे की कॅन्सरच आहे, ते तुकडा काढून तपासल्यावर कळेल. कॅन्सर निघाला तर मुंबईला मोठं ऑपरेशन. डॉक्टर देसाईंनी सगळं नीट सांगितलं, कागदावर काढून दाखवलं. मग पेन खाली ठेवलं आणि अरुणाचा हात धरून म्हणाल्या, “बेन, त्या गोळ्यांचं मनाला लावून घेऊ नका. त्यांच्यामुळेच राहिलं असं म्हणता येत नाही. गोळ्या न घेताही काहींचं राहतं.”

अरुणाने मान हलवली. म्हणाली, “नाही लावून घेत.”

तेव्हा मला राहवेना. म्हटलं, “गोळ्या मी देत होतो, डॉक्टर. आंबिलात कुटून घालायचो. हिचा काही संबंध नाही. हिला ठाऊकच नव्हतं.”

डॉक्टरांनी पेन उचललं आणि कागदावर तारीख लिहिली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, “ठीक आहे. सोमवारी बायोप्सी. उपाशी या.”

मला वाटलं होतं, छातीवरचा दगड उतरेल आणि अरुणालाही बरं वाटेल. चार महिने माझं पाप तिच्या नावावर होतं. पण गाडीत बसल्यावर पाहिलं तर ती रागाने लाल झाली होती. ह्या सगळ्या दुखण्यात मी तिला एकदाही असं बघितलं नव्हतं. दमणगंगेचा पूल येईपर्यंत ती बाहेर बघत होती.

“काय गरज होती?” म्हणाली.

“खरं ते सांगायला नको?”

“खरं सांगायचं तर सगळं सांगा. म्हणे हिला ठाऊकच नव्हतं! मला पहिल्या चमच्यालाच कळलं होतं. तोंडात नाणं धरल्यासारखं लागत होतं. इतकी वर्षं स्वयंपाक करते मी, मला ताकाची चव कळत नाही?”

मी गाडी बाजूला घेतली. माझ्याने चालवेना. “मग प्यायलीस कशाला? डॉक्टर नको म्हणाल्या होत्या ना?”

“तुम्ही समोर बसायचात म्हणून.”

मागून टँकर हॉर्न वाजवत गेला. ती पुढे म्हणाली, “दिवसभर ते ढगांचं चित्र आणि घरी ह्या भिंती. तेवढा पाऊण तास तुम्ही असायचात. वाटीकडे बघत असायचात, ठाऊक आहे मला. पण असायचात. म्हटलं, असेल काही त्यात तर असू दे.”

“अरुणा, जिवाशी खेळ झाला हा.”

“झाला ना. दोघांनी मिळून केला. म्हणून तर मी अंगावर घेतला होता. मला तुम्ही ओळखता तेवढी मीही तुम्हाला ओळखते. आता तुम्ही ह्यातच शिराल. कुठली गोळी, किती दिली, त्यातली किती उलटली, ठिपका केवढा. कॉम्प्युटर लावून बसाल त्या खोलीत. तुमचं काय चुकलं ते शोधत बसाल आणि मी आहे तिथेच, एकटी.”

मी म्हटलं, नाही बसणार. ती म्हणाली, “चला, ऊन लागतंय.”

घरी आलो. अरुणाने चपला काढल्या आणि बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसली. मी तिला पाणी दिलं, औषध दिलं, इथे आलो, दार लोटलं, तारीख घातली आणि हे सगळं लिहिलं. विसरायच्या आधी लिहायला हवं होतं. चार पानं झाली. मधे उठून कॉम्प्युटरही चालू केला, ठिपक्याच्या मापावरून काही अंदाज बांधता येतो का बघायला.

केसरबाई मघाशीच गेली, तिने दार ओढून घेतल्याचा आवाज आला होता. संध्याकाळ झाली आहे. दाराच्या फटीतून दिसतंय, बाहेरच्या खोलीत दिवा लावलेला नाही. अरुणा अंधारात एकटी बसली आहे, आणि मी लिहितो आहे.